रिपीटर ही फक्त ओसरी आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट, आठ महिन्यांपूर्वी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांची, रिस्ट्रिक्टेड (पहिल्या) ग्रेडची परीक्षा पास होऊन व्हीयू३चा कॉलसाइन (हवेतलं ओळखनाव) मिळाला, हौसेने हँडी (हातातला छोटा सेट) घेतली. रोज संध्याकाळी रिपीटरवर (ऐकलेलं उंचावरून पुन्हा लांबवर पाठवणारं यंत्र) "सिग्नल कसा येतोय, जेवण झालं का, पाऊस आहे का तिकडे" एवढंच चालतं. आता हँडी ड्रॉवरमध्ये पडून आहे. पुढे जायचं तर लाखभराचा एचएफ (लांब पल्ल्याच्या लघुलहरींचा) सेट घ्यावाच लागेल का? आणि घरचे विचारतात, भिंतीशी काय बोलतोस, त्यांना काय सांगू?

मला परवाना मिळून तीस वर्षं होऊन गेली. पहिल्या वर्षी मीही असाच वैतागलो होतो, त्यामुळे तुमचा कंटाळा मला कळतो. पण तुम्ही अजून वाड्याच्या ओसरीवरच बसला आहात. रिपीटर म्हणजे ओसरी. येणारेजाणारे भेटतात, चहा होतो, ओळखी होतात. आत चौक आहे, माडी आहे, परसदार आहे, आणि एक माळाही आहे जिथे चढल्यावर लोक रात्रभर खाली उतरत नाहीत. हॅम रेडिओ हा एकच छंद नाही. दहा-बारा छंदांना मिळून एक परवाना दिलाय. सगळे करायला गेलात तर एकही धड होणार नाही. एका मोसमाला एक बाजू धरा, तिच्यात बुडा, पुढच्या मोसमात दुसरी. मोसम हा शब्द मुद्दाम वापरला, कारण आपल्याकडे हवा आणि सूर्यच ठरवतात की कधी काय करायचं.

आधी पैशांचं. लाखभराचा सेट अजिबात नको, निदान आत्ता नको. पहिली पायरी पाचशे रुपयांच्या आत बसते: तीन मीटरची, एक इंच रुंद पोलादी मेजरिंग टेप, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा, पाइपचे दोन क्रॉस आणि एक टी जोड, काही होज क्लॅम्प आणि दोन मीटर कोॲक्स (टीव्हीच्या केबलसारखी केबल). यातून तीन एलिमेंटची (आडव्या पट्ट्यांची) यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, होते. मागचा तुकडा १०५ सेंटिमीटर, मधले दोन ४५-४५चे, पुढचा ८९. मागचा आणि मधला यांच्यात २० सेंटिमीटर, मधला आणि पुढचा यांच्यात ३२. मधल्या दोन तुकड्यांच्या आतल्या टोकांवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने घासून लख्ख करा, नाहीतर सोल्डर धरणार नाही. तिथे कोॲक्सच्या दोन तारा आणि साधारण १२-१३ सेंटिमीटर तारेचा 'यू' आकाराचा काटा सोल्डर करा. झाली अँटेना. दारातून जाताना वाकते आणि बाहेर आली की टणकन सरळ होते, हा तिचा मोठा गुण. लोकल ट्रेनमध्ये मात्र टोकांना चिकटपट्टी लावून न्या, कुणाच्या डोळ्यात जाईल.

ही एक वस्तू तुम्हाला तीन दारं उघडून देते.

पहिलं दार म्हणजे फॉक्स हंट. कुणीतरी छोटा ट्रान्समीटर झुडपात लपवतो, बाकीचे तो शोधतात. ऐकायला पोरखेळ वाटतो. आम्ही एकदा पुण्यात वेताळ टेकडीवर केला होता. अँटेना फिरवली की सिग्नल ठामपणे जुन्या खाणीच्या दिशेने यायचा. आम्ही पाच जण त्या खाणीच्या कडेने तासभर घामाघूम झालो. 'कोल्हा' प्रत्यक्षात आमच्या पाठीमागे, विरुद्ध दिशेला एका बाभळीत टांगलेला होता. खाणीची उभी कातळभिंत त्याचा आवाज परतवत होती. परावर्तन ही गोष्ट मी पुस्तकात दहा वेळा वाचली होती, पण कळली त्या दिवशी. आणखी एक कळतं ते जवळ गेल्यावर. सिग्नल इतका जोरात होतो की अँटेना कुठेही वळवा, मीटर पूर्ण भरलेलाच. मग हँडी पाच-दहा किलोहर्ट्झ बाजूला सरकवायची, किंवा अँटेना काढून हँडी छातीशी धरायची आणि स्वतःभोवती सावकाश गिरकी घ्यायची. आपलं शरीर आडोसा होतं. जिथे आवाज सगळ्यात कमी, कोल्हा तुमच्या पाठीमागे.

दुसरं दार डोंगर. एफएम हँडीला सातव्या मजल्यावरून जे जमत नाही ते किल्ल्यावरून चुटकीसरशी जमतं. ढोबळ हिशेब असा: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने १६५ किलोमीटरच्या आसपास. मधे डोंगर आडवा नसेल तर पाच वॅटवर, रिपीटरशिवाय. ट्रेकला जाताच ना? मग सॅकमध्ये ती टेपची यागी अडकवा, वर पोचल्यावर थेट फ्रिक्वेन्सीवर "सीक्यू" (कुणी आहे का, अशी सगळ्यांना हाक) द्या, आणि खाली कोण कुठून ऐकतंय याची यादी करा. रिपीटरवर रोज बोलणारे तेच लोक असतील, पण मधे यंत्र नसताना त्यांचा आवाज ऐकणं वेगळंच लागतं. उन्हाळ्यात किनारपट्टीवर असाल तर समुद्रावरच्या हवेच्या थरांत सिग्नल नळीतून जावा तसा लांब वाहत जातो. अशा दिवशी कोकणात हँडी बंद ठेवणारा माणूस मला समजत नाही.

तिसरं दार आकाशात आहे, आणि तुमच्यासाठी मी तेच सुचवीन, कारण तुमच्याकडे गच्ची आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि एका फेरीत तुमच्या आकाशात फार तर दहा मिनिटं असतं. त्यावर हॅम रेडिओ बसवलेला आहे. २०२५ साली शुभांशु शुक्ला तिथे असताना आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून बोलले, ते तुम्ही वाचलं असेल. अंतराळवीर रोज बोलत नाहीत. पण वर्षातून काही वेळा तिथून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात. स्लो स्कॅन टीव्ही म्हणतात त्याला. यासाठी तुमच्या हँडीखेरीज लागतो फक्त फोन आणि त्यावर 'रोबोट ३६' हे फुकट ॲप.

माझ्या भाचीबरोबरचा प्रसंग सांगतो. डिसेंबरची पहाट, गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी आम्ही दोघं. मी यागी धरलेली, तिने फोन हँडीच्या स्पीकरजवळ. वायव्येला क्षितिजाजवळ नुसती खरखर. मग खरखरीतून एक शिट्टी वर आली आणि लगेच ती कर्कश्श, चढउतार करणारी किरकिर सुरू झाली. फोनच्या पडद्यावर वरून एकेक ओळ उतरायला लागली. आधी करडा पट्टा, मग निळा, मग कुठल्याशा अक्षरांचा वरचा अर्धा भाग. मी अँटेना जरा आडवी केली की चित्रात दाणे पडत. मनगट पिळून उभी केली की स्वच्छ. एक चित्र पूर्ण व्हायला दोन मिनिटं लागतात. ती म्हणाली, "मामा, हलू नकोस!" आणि मी सहा मिनिटं पुतळ्यासारखा उभा राहिलो. हात दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता. दोन चित्रं पूर्ण आली, तिसरं आग्नेयेला इमारतीआड अर्धं तुटलं. तिने तुटलेलंच वॉलपेपर म्हणून लावलं.

पुढची पायरी म्हणजे त्याच स्थानकावरचा रिपीटर. १४५.९९० वर ६७ हर्ट्झचा टोन (रिपीटर उघडणारा सूर) लावून बोलायचं, ४३७.८०० वर ऐकायचं. गंमत डॉप्लरची आहे. ॲम्ब्युलन्स जवळ येताना सायरन चढा आणि दूर जाताना उतरता लागतो ना, तसंच. स्थानक येताना ४३७.८१० आणि मग ८०५वर ऐका, डोक्यावर आलं की ८००, जाताना ७९५ आणि ७९०. हे पाच टप्पे आधीच मेमरीत भरून ठेवा. ऐनवेळी बटणं दाबत बसलात तर स्थानक बंगालच्या उपसागरावर पोचलेलं असेल. रिपीटर नेहमी चालू नसतो, मधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा आधी बघून घ्या. आणि वर गेल्यावर गप्पा नकोत: कॉलसाइन, तुमचं ठिकाण, धन्यवाद, पुढचा. दहा मिनिटांत अर्धा खंड रांगेत असतो.

भारताचा स्वतःचा हॅमसॅट हा हॅम उपग्रह होता, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ वरून गेला आणि जवळजवळ नऊ वर्षं चालला. त्याच्यावर एक ट्रान्सपाँडर (ऐकलेलं परत खाली पाठवणारं यंत्र) भारतीय आणि एक डच बनावटीचा. माझी युरोपशी झालेली पहिली भेट त्याच्यावरची नव्हे, पण सगळ्यात जास्त आठवते ती त्याच्यावरच्या गजबजाटातली. आता भूस्थिर कक्षेत २६ अंश पूर्वेला क्यूओ-१०० हा उपग्रह आहे. त्याला ऐकायला डीटीएचची जुनी छत्री, तिच्यासमोरचा साधा एलएनबी आणि एक यूएसबी एसडीआर (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) पुरतो. फक्त छत्री आपल्या नेहमीच्या दिशेला न ठेवता जवळजवळ पश्चिमेला वळवायची, क्षितिजापासून तीसेक अंश वर. शेजारी विचारतील की तुमची डिश उलटी का बसवली. त्यांना वर बोलावून ऐकवा.

आता एचएफ. तुमच्या ग्रेडलाही एचएफ मिळतं, फक्त पॉवर, बँड आणि एमिशन (प्रक्षेपणाचा प्रकार) यांची मर्यादा परवान्यावर छापलेली असते ती नीट वाचा. बरेच जण ते पान वाचतच नाहीत. सेट घ्यायच्या आधी दोन महिने नुसतं ऐका, तेही फुकट. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेब-एसडीआर (ब्राउझरमधून ऐकायचा रेडिओ) उघडा, किंवा जगभरच्या किवी-एसडीआरपैकी भारताजवळचा एखादा. सकाळी त्या जवळच्या एसडीआरवर ७ मेगाहर्ट्झला, म्हणजे ४० मीटरच्या बँडवर, कोल्हापूर-हैदराबाद-बंगळूरची मंडळी चहा पीत बोलताना सापडतील. दिवसा हा बँड दोन-चारशे किलोमीटरला उत्तम, कारण सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून परतून खाली पडतो. सूर्य मावळला की खालचा, शोषून घेणारा थर विरतो आणि तोच बँड परदेशी होतो. पण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ४० आणि ८० मीटरवर विजांचा कडकडाट इतका असतो की कान विटतात. ते सगळे महिने मी सोल्डरिंग करतो.

आणि सोल्डरिंग म्हणजे माझी आवडती खोली. हैदराबादच्या अशहर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी बिटएक्स नावाचा ट्रान्सीव्हर (बोलायचा आणि ऐकायचा सेट) बनवून त्याच्या सर्किटचा नकाशा सगळ्यांना मोकळा केला. सहा-सात वॅटचा २० मीटरचा एसएसबी (एचएफवर आवाजात बोलायचा प्रकार) सेट, आणि भाग सगळे असे की गल्लीत मिळावेत. कॉम्प्युटरमध्ये लागणारे १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल, साधे ट्रान्झिस्टर, आणि कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा वायसर! आयात टोरॉइड (कॉइलसाठीच्या चुंबकीय कड्या) परवडत नव्हते तर हार्डवेअरच्या दुकानातला वायसर. जगभरच्या लोकांनी हा सेट बनवला. मला त्याबद्दल जो अभिमान वाटतो तो लाखाच्या सेटबद्दल वाटत नाही.

माझा पहिला बिटएक्स दोन आठवडे मुका होता. व्होल्टेज सगळीकडे बरोबर, ऑसिलेटर चालू, आउटपुट शून्य. बुधवार पेठेत जाऊन ट्रान्झिस्टर बदलून आणले, तरी शून्य. शेवटी एका वडीलधाऱ्या हॅमनी भिंग लावून बघितलं आणि काही न बोलता ब्लेड पुढे केलं. तीन तारा पिळून केलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवरचं इनॅमल (तारेवरचा वीजरोधक लेप) मी खरवडलंच नव्हतं. सोल्डर छान चकचकीत बसलं होतं, पण इनॅमलवर. तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून भाग आणाल तेव्हा सोबत एक ब्लेड आणि पॉलिश पेपर आणा, एवढं माझ्या खर्चाने शिका. बनवण्याची इच्छा नसेल तर तयार किट घ्या, जुना सेट घ्या, पण घेताना तो तुमच्या परवान्यावर चढतोय ना, हे आधी बघा.

सातव्या मजल्यावर अँटेना कशी, हा पुढचा प्रश्न येणारच. ४० मीटरच्या डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाची) लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे वीस मीटरच्या आसपास. एवढी तार मधून टांगायला जागा नसेल तर केबल टोकाकडून जोडा: वीस मीटर तार, खिडकीपाशी ४९:१चा छोटा ट्रान्सफॉर्मर, दुसरं टोक कंपाउंडमधल्या झाडाला नायलॉनच्या दोरीने. तीच तार २०, १५ आणि १० मीटरवरही चालते. तार बारीक, काळ्या आवरणाची घ्या. आमच्या सोसायटीत माझी तार चार वर्षं कुणाला दिसली नव्हती. दिसली ती मी स्वतः सभेत सांगितल्यावर. हे सांगणं गरजेचं होतं का यावर घरात अजून दुमत आहे. परवानगी लेखी घ्या, हे मात्र खरं. आणि वळवाच्या दिवसांत कोॲक्स काढून खिडकीबाहेर टाका. एका मे महिन्यात मी लग्नाला गेलो आणि केबल तशीच राहिली. वीज आमच्यावर पडलीसुद्धा नाही, कुठेतरी दूर पडली. तारेत आलेल्या झटक्याने सेटचा कान गेला.

शहरात खरा शत्रू मात्र वीज नाही, एलईडी बल्ब आहेत. सेट लावला आणि नुसती घरघर ऐकू आली तर बँड मेलाय असं समजू नका. बॅटरीवरचा जुना ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि घरभर फिरा. जिथे घरघर वाढेल तो चोर. माझ्याकडे तो फिशटँकचा दिवा निघाला, दुसरा चार्जर. तिसरा लिफ्टचा मोटर-ड्राइव्ह, त्याला इलाज नाही. रात्री अकरानंतर लोक झोपले की लिफ्ट थांबते आणि बँड उघडतो.

गोंगाटातच राहायचं असेल तर एफटी८ आहे. रेडिओ कॉम्प्युटरला जोडायचा, घड्याळ अचूक लावायचं, १४.०७४वर पंधरा-पंधरा सेकंदांचे आळीपाळीने संदेश. कानाला काहीच ऐकू येत नाही आणि पडद्यावर ब्राझीलचं नाव येतं. २०१७ साली हे काढणाऱ्या दोघांपैकी एक, जो टेलर, यांना १९९३चं पदार्थविज्ञानाचं नोबेल आहे, पल्सार या ताऱ्यांवरच्या कामासाठी. बुद्धी लावलेली आहे, वाद नाही. माझा आक्षेप इतकाच की तिथे गाठ पडते ती माणसाशी नाही, त्याच्या कॉम्प्युटरशी. तरी पाच वॅट आणि खिडकीतली तार कुठवर जाते हे पाहायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. सध्याच्या सौरचक्राचं (सूर्याच्या सक्रियतेच्या चढउताराचं) शिखर २०२४-२५च्या सुमाराचं, तेव्हा १० मीटरचा बँड अजून काही काळ दिवसा चांगला उघडेल. ती संधी सोडू नका. पुढची अशी संधी अकराएक वर्षांनी.

आपत्तीच्या वेळच्या कामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण परीक्षेच्या वर्गात सगळ्यांना तेच सांगितलेलं असतं, म्हणून दोन शब्द. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालची हॅम मंडळी पोर्ट ब्लेअरला गेली होती, ती हौसेला: अंदमानचा व्हीयू४ कॉलसाइन दुर्मीळ, जगभर त्यासाठी झुंबड. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच सेटवरून बेपत्ता माणसांचे निरोप जायला लागले. किल्लारीला १९९३मध्ये आणि भुजला २००१मध्येही हॅम धावले होते. यातल्या कुणीही आपत्तीची वाट बघत सेट कपाटात ठेवला नव्हता. रोज हौसेने वापरत होते म्हणून त्या दिवशी सेट चालला, बॅटरी भरलेली होती आणि हाताला सवय होती. तेव्हा एखाद्या सायकल रॅलीला, मॅरेथॉनला निरोप पोचवायला क्लबबरोबर जा. गर्दीत, घाईत, एका वाक्यात निरोप देता येणं ही कला रिपीटरवरच्या गप्पांत येत नाही.

उरलं मोर्स. तुमच्या परवान्यात ते नाही, जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्द घेता-देता यावे लागतात. लोक याला घाबरतात आणि टिंब-रेघा कागदावर लिहून पाठ करतात. ते करू नका. अक्षर डोळ्यांनी शिकलात की प्रत्येक वेळी डोक्यात भाषांतर करावं लागतं आणि तिथेच गाडी अडते. तबल्याचे बोल शिकतो तसं तोंडाने म्हणत शिका. आपले नेहमीचे कॉलसाइन व्हीयूने सुरू होतात: डि-डि-डि-डा, डि-डि-डा. म्हणून बघा, ठेका आहे त्याला. रोज पंधरा मिनिटं, दोन-दोन अक्षरं वाढवत. अक्षरं जलद, मधल्या जागा मोठ्या. तीन महिन्यांत आठ शब्द होतात. मला पाच लागले, मी आळशी आहे. आणि मोर्सचा सेट हा सगळ्यात सोपा बनणारा सेट, साबणाच्या डबीत मावतो. पाच वॅटच्या आत असं काम करणं म्हणजे क्यूआरपी, आणि एकदा त्याची चटक लागली की शंभर वॅट हा आळस वाटायला लागतो.

म्हणजे तुमचा क्रम असा धरा: या महिन्यात टेपची यागी, अंतराळ स्थानकाची पहाटेची फेरी बघून गच्चीवर जा. हिवाळ्यात वेब-एसडीआरवर ४० मीटर ऐका, डोंगर करा. पावसाळ्यात किट आणि मोर्स.

घरच्यांचं राहिलं. समजावून सांगायच्या फंदात पडू नका, मी तीस वर्षांत कुणालाही समजावू शकलो नाही. आमच्या हिला मोर्सचं एक अक्षर येत नाही आणि शिकायचंही नाही. पण रविवारी सकाळी मी सेट चालू ठेवून पेपरात डोकं घालून बसलेला असतो, खरखरीत वीस स्टेशनं एकात एक गुंतलेली असतात, आणि स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीवरून आवाज येतो, "अहो, तुम्हाला बोलावतायत." दहातल्या नऊ वेळा खरंच माझा कॉलसाइन चाललेला असतो.